ऐन चैत्रात मन का कोमेजतं? वसंतातल्या डिप्रेशनची ओळख

डिप्रेशन ऋतूप्रमाणे येऊ शकतं, हे आता बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. मात्र ऐकलेलं असतं ते थंड देशांतलं. लंडनला शिकायला गेलेली भाची डिसेंबरात फोनवर सांगते की चारलाच अंधार पडतो, अंथरुणातून उठवत नाही, सारखं गोड खावंसं वाटतं. त्यावर तिथे काय करतात तेही माहीत असतं: सकाळी प्रखर उजेडाच्या दिव्यासमोर बसायचं. त्यामुळे ठाण्यात किंवा नेरूळला एखाद्याचं मन होळी ते मृग एवढ्याच काळात खचत असेल, तर ते डिप्रेशन असेल असं त्याच्या मनातही येत नाही. बाहेर ऊन भरपूर, येऊरला पळस फुललेला, पाडव्याला कोपिनेश्वर मंदिरापासून निघालेली स्वागतयात्रा, लग्नसराई, वाशीच्या मार्केटात हापूसच्या पेट्या. अशात कुणाला उदास वाटेल? मग कारणं शोधली जातात. ऊन बाधलंय, पित्त वाढलंय, मार्च एंडिंगचा ताण आहे, मुलांच्या परीक्षा आहेत. ही कारणं खोटी नसतात. पण त्यांच्या आड खरा आजार वर्षानुवर्षं लपून राहतो.

माझ्या धाकट्या भावाला हा आजार आहे. त्याला विचारूनच मी इथे त्याच्याबद्दल लिहिते आहे.

दोन ऋतू, दोन तऱ्हा

१९८४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतले नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांचे सहकारी यांनी २९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर हिवाळ्यात खचणारी आणि दर वसंतात सावरणारी ही माणसं होती. रोझेन्थाल स्वतः दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आलेले, त्यामुळे तिथल्या लांबलचक काळोख्या हिवाळ्याचा माणसावर होणारा परिणाम त्यांनी अंगावर अनुभवला होता. ऋतूनुसार येणाऱ्या डिप्रेशनची जगभर जी ओळख झाली ती या अभ्यासापासून. पण तीनच वर्षांनी, १९८७ मध्ये, थॉमस वेअर यांच्यासह याच गटाने उलट्या तऱ्हेचे रुग्ण नोंदवले. हे लोक वसंत-उन्हाळ्यात खचत आणि हिवाळ्यात ताजेतवाने, कधीकधी जरा जास्तच ताजेतवाने होत. या दुसऱ्या अभ्यासाची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली. पाश्चात्त्य देशांत उन्हाळी तऱ्हा कमी आढळते, हे त्यामागचं एक कारण. चीन आणि थायलंडमधल्या पाहण्यांमध्ये मात्र उन्हाळी तऱ्हा हिवाळीपेक्षा जास्त दिसली. आपण हवामानाने लंडनपेक्षा थायलंडच्या जवळ आहोत, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

दोन्ही तऱ्हांत मन उदास असतं, कशात रस वाटत नाही, स्वतःबद्दल वाईट विचार येतात. शरीर मात्र वेगवेगळं वागतं. हिवाळी तऱ्हेत माणूस खूप झोपतो, खूप खातो, वजन वाढतं, हातपाय जड होतात. वसंत-उन्हाळ्याच्या तऱ्हेत झोप उडते, भूक मरते, वजन उतरतं आणि आतून एक अस्वस्थता पेटलेली असते. एका जागी बसवत नाही. बारीकसारीक गोष्टीवरून चिडचिड होते. म्हणजे घरच्यांना दिसतो तो चिडका, येरझाऱ्या घालणारा, ताटावरून अर्धपोटी उठणारा माणूस. डिप्रेशन म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कोपऱ्यात गप्प बसलेला माणूस येतो. हा त्या चित्रात बसत नाही, म्हणून त्याला आजारी न म्हणता तापट म्हटलं जातं.

भाऊ कोलशेतला राहतो. एका एप्रिलमध्ये त्याच्याकडे गेले, तर स्वयंपाकघरात ओट्याखाली हापूसची पेटी तशीच पडलेली. वरचा पेंढा कुणी हलवलासुद्धा नव्हता. खालच्या थरातल्या आंब्यांना पाणी सुटलेलं, फळ्यांच्या फटीतून चिकट रस फरशीवर आलेला, त्यावर चिलटं. एरवी आंब्याच्या दिवसांत पोळीभाजी बाजूला सारणारा हा माणूस. "ताई, वासच सहन होत नाही गं," म्हणाला. पँट कमरेत सैल झाली होती. सोफ्यावर बसायचा, उठायचा, गॅलरीत जायचा, परत यायचा. रात्री किती झोपलास असं विचारलं, तर म्हणाला, "तीननंतर डोळा लागतो, सहाला उघडतो. उकडतंय म्हणून असेल." खोलीत एसी होता, आणि तो चालू होता.

उकाड्याने झोप मोडणं आणि झोपच न येणं यात हा फरक आहे. पहिल्यात खोली थंड केली की माणूस झोपतो. दुसऱ्यात खोली थंड केली तरी मन जागंच राहतं.

ठाण्यात नेमकं काय बदलतं?

थंड देशांत या आजाराचा मुख्य सूत्रधार उजेड मानला जातो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम बघणं नसून उजेड मोजणं असतं. त्या मेंदूतल्या घड्याळाला खबर देतात. ते घड्याळ मेलाटोनिन नावाचं संप्रेरक कधी सोडायचं आणि कधी थांबवायचं ते ठरवतं, आणि मेलाटोनिन शरीराला रात्र झाल्याचं कळवतं. लंडनला दिवस डिसेंबरात जेमतेम ८ तासांचा आणि जूनमध्ये साडेसोळा तासांचा असतो. ठाणे १९ अक्षांशांवर आहे. इथे सगळ्यात लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सगळ्यात मोठा सव्वातेरा तासांचा. फरक आहे, पण लंडनसारखा नाही. तरी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: जानेवारीत सव्वासातच्या सुमाराला उगवणारा सूर्य मेअखेरीस सहालाच उगवतो. फिकट पडद्यांच्या पूर्वाभिमुख खोलीत झोपणाऱ्याची पहाट त्यामुळे तासाभराने अलीकडे येते. रात्री झोपायची वेळ मात्र तीच राहते, उलट सुट्ट्या आणि लग्नसमारंभांमुळे पुढेच जाते.

आपल्याकडचा मोठा बदल उष्म्याचा आहे, आणि त्यातही रात्रीच्या उष्म्याचा. झोप लागायची तर शरीराचं आतलं तापमान थोडं खाली यावं लागतं. त्यासाठी हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर पडते आणि घाम वाळतो. मार्चच्या सुरुवातीला आपल्याकडे रात्रीचा पारा विशीच्या आसपास असतो, मे उजाडेपर्यंत तो सत्तावीसच्या आसपास अडकतो. वर खाडीची दमट हवा. घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. दिवसभर तापलेली स्लॅब रात्रभर उष्णता सोडत राहते. कळव्या-दिव्याकडच्या पत्र्याच्या घरात किंवा शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

झोप कमी पडणं हे डिप्रेशनचं लक्षण आहेच, पण ते डिप्रेशनचं कारणही बनतं. ज्याचा मेंदू मुळात या बाजूला झुकलेला आहे, त्याच्या बाबतीत महिनाभराची अर्धवट झोप त्याला पुरतं ढकलून देऊ शकते. मेंदूत मूड सांभाळणाऱ्या सेरोटोनिनसारख्या रसायनांचं प्रमाणही ऋतूनुसार बदलतं. वसंतातल्या डिप्रेशनचं शास्त्र हिवाळ्यातल्या इतकं पक्कं झालेलं नाही. उष्मा, आर्द्रता, वाढता उजेड आणि मोडलेली झोप हे सगळे मिळून काम करतात, असं आज बहुतेक तज्ज्ञ मानतात.

आणखी एक गोष्ट रसायनांत मोजता येत नाही, पण रुग्णांशी बोलताना सारखी ऐकू येते. सगळे आनंदात असताना आपण नाही, ही जाणीव. पावसाळ्याच्या कोंदट दिवसात मरगळलेल्या माणसाला निदान आजूबाजूचे समजून घेतात. पाडव्याच्या सकाळी नवा कुर्ता घालून गुढीला नमस्कार करताना ज्याच्या पोटात नुसता खड्डा पडलेला असतो, तो कुणाला सांगणार? मग तो हसरा चेहरा करून फोटोत उभा राहतो, आणि त्या दिवसाने त्याला आणखी थकवून सोडलेलं असतं.

ओळखायचं कसं?

दोन-चार दिवस मन लागलं नाही म्हणजे डिप्रेशन नव्हे. डॉक्टर साधारण दोन आठवड्यांची रेघ धरतात: दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज, मन उदास असणं किंवा कशातच रस न वाटणं. त्याच्या जोडीला झोप, भूक, एकाग्रता, शक्ती यांत बिघाड, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, जगणं नकोसं होणं. यातल्या निदान पाच गोष्टी एकत्र असल्या आणि त्यामुळे रोजचं काम अडू लागलं, तर डॉक्टरकडे जायची वेळ झाली. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी मराठीतही उपलब्ध आहे. तिच्यात १० किंवा अधिक गुण आले तर तपासणी करून घ्यावी. या चाचणीवरून निदान होत नाही, पण डॉक्टरसमोर बोलायला सुरुवात सोपी होते.

हे डिप्रेशन ऋतूशी बांधलेलं आहे का, हे ठरवायला एवढं पुरत नाही. मानसोपचाराच्या नियमाप्रमाणे निदान सलग दोन वर्षं ते त्याच ऋतूत यावं, ऋतू संपल्यावर जावं, आणि त्या दोन वर्षांत इतर वेळी येऊ नये. शिवाय दरवर्षी त्याच वेळी येणारं एखादं उघड कारण त्यामागे नसावं. दर मार्चला ऑफिसात हिशेबाची धावपळ असते म्हणून जो दर मार्चला खचतो, त्याला ऋतूचं डिप्रेशन म्हणत नाहीत. बारावीच्या मुलाचंही तसंच. पण या नियमाचा अर्थ नीट घ्यायला हवा. कारण उघड आहे म्हणून उपचार नकोत, असा तो अर्थ नाही. मार्च एंडिंगमुळे आलेलं डिप्रेशनही डिप्रेशनच असतं आणि त्यावरही तोच इलाज चालतो. नियमाचा उपयोग एवढाच की पुढच्या वर्षी काय होईल याचा अंदाज बांधता येतो.

आठवणीवर मात्र इथे विसंबू नये. डिप्रेशनमध्ये असताना माणसाला वाटतं की आपण कायम असेच होतो, आणि बरं वाटल्यावर वाटतं की एवढं काही नव्हतंच. म्हणून नोंदी शोधाव्या लागतात. भावाच्या बाबतीत त्या माझ्या भावजयीने शोधल्या. ऑफिसच्या अ‍ॅपमध्ये त्याच्या रजा महिन्यांप्रमाणे दिसतात. तिने मागची वर्षं उघडून पाहिली, तर आजारपणाच्या रजा मार्चअखेर ते मे एवढ्यातच गोळा झालेल्या. जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत जवळपास कोऱ्या. "पोट बिघडलं", "डोकं दुखतंय", "व्हायरल" अशी कारणं. नोंदी अशाच कुठेतरी सापडतात. मोबाइलच्या फोटोंत एप्रिल-मेमध्ये कुणाचा चेहरा गायब आहे, जिमची फी भरून जाणं कधी थांबलं, डबा अर्धा परत कधी येऊ लागला.

पुढच्या वर्षासाठी नोंद ठेवायची तर तिच्यासाठी अ‍ॅपही लागत नाही. बहुतेक मराठी घरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितात. त्याच चौकटीत रोज दोन आकडे लिहा: किती तास झोप झाली, आणि दहापैकी मन कसं होतं. दोन सेकंदांचं काम. होळीपासून जूनपर्यंतची चार पानं डॉक्टरसमोर ठेवली की अर्ध्या तासाच्या प्रश्नोत्तरांइतकी माहिती त्यांना मिळते.

डॉक्टरकडे जाताना आणखी एक प्रश्न स्वतःला विचारून जा: हिवाळ्यात मी कसा असतो? भावाच्या डॉक्टरांनी हाच प्रश्न विचारला आणि उत्तर भावजयीने दिलं. डिसेंबरात चार तास झोपूनही तो ताजा असायचा, रात्री दोनला नव्या धंद्याचे हिशेब मांडायचा, एकदा हप्त्यावर महागडी सायकल आणली, सगळ्यांशी भराभरा बोलायचा. आम्ही त्याला थंडीचा उत्साह समजत होतो. तो बायपोलर आजाराचा, म्हणजे ज्यात मन कधी खाली खचतं तर कधी अतिउत्साहाच्या टोकाला जातं त्या आजाराचा, वरचा भाग निघाला. हे फार महत्त्वाचं आहे, कारण बायपोलर असलेल्याला नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर मन उलट्या टोकाला जाऊ शकतं. त्याच्यासाठी औषध वेगळं लागतं. खालची बाजू घेऊनच माणूस डॉक्टरकडे जातो. वरची बाजू कुणी सांगितली नाही तर ती कळायला वर्षं जातात.

डिप्रेशनसारखी दिसणारी इतर दुखणीही तपासायला हवीत: थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. यासाठी साधी रक्ततपासणी पुरते. आणि एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे, कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. वसंतात परागकण उडतात, घोडबंदर रोडला बांधकामांची धूळ असतेच, त्यामुळे सर्दी-शिंका-दम्यासाठी मॉन्टेलुकास्ट असलेल्या गोळ्या घरोघरी घेतल्या जातात. या औषधाने काही जणांमध्ये अस्वस्थता, भयानक स्वप्नं, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत ठळक दर्जाचा इशारा छापायला लावला. बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, म्हणून घाबरून दम्याचं औषध परस्पर बंद करू नका. पण गोळी सुरू झाल्यानंतरच तुमचं किंवा मुलाचं मन बिघडलं असेल, तर ते डॉक्टरला लगेच सांगा.

काय करता येतं?

सर्वांत आधी झोप सांभाळायची. इथे थंड देशांतला सल्ला जसाच्या तसा उचलू नये. उजेडाचा दिवा, १०,००० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक), सकाळी अर्धा तास, हा हिवाळी तऱ्हेचा इलाज आहे. वसंतातल्या अस्वस्थ, झोप उडालेल्या माणसाला त्याने आणखी अस्वस्थ वाटू शकतं, आणि बायपोलर असलेल्याला तो धोक्याचा ठरू शकतो. "उन्हात फिरून ये, बरं वाटेल" हा प्रेमाने दिलेला सल्लाही एप्रिलच्या अकरा वाजता कामाचा नाही.

आपल्याकडे करायचं ते असं. झोपायच्या खोलीत पहाटेचा उजेड येऊ देऊ नका. जाड गडद पडदा, तो परवडत नसेल तर खिडकीला जुनी गडद चादर किंवा डोळ्यांवर पट्टी. सूर्यास्तानंतर घरातले पांढरेशुभ्र दिवे कमी करून पिवळा मंद दिवा लावा. फोन उशाशी नको. झोपेच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ करा. थंड पाण्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण कोमट पाण्याने त्वचेकडे रक्त येतं आणि नंतर शरीरातली उष्णता बाहेर पडून आतलं तापमान उतरतं. एसी असेल तर १८ वर नेण्याची गरज नाही. चोवीस-पंचवीसवर ठेवून पंखा लावला की पुरतं. एसी नसेल तर दुपारी पश्चिमेच्या खिडक्या झाकून घ्या, रात्री समोरासमोरच्या उघडा, आणि घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ज्याला हा त्रास आहे त्याला झोपू द्या. बहुतेक घरांत ती जागा थोरल्यांची किंवा पाहुण्यांची असते. तेवढे तीन महिने ती बदलायला कुणाची हरकत नसावी.

रात्री कितीही उशिरा झोप लागली तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठायचं. हे कठीण आहे, पण घड्याळ ताळ्यावर येतं ते उठण्याच्या वेळेनेच. दुपारच्या झोपेबद्दल आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत ग्रीष्मात मुभा आहे आणि वसंतात मनाई. ज्याची रात्रीची झोप उडाली आहे त्याने तीनच्या आधी वीस-पंचवीस मिनिटांवर थांबावं, त्याहून जास्त झोपलं तर रात्र आणखी लांबते. संध्याकाळचा चहा-कॉफी सोडावा. उकाड्यात थंड बिअरने झोप येते असं वाटतं खरं, पण दारूची झोप मध्यरात्रीनंतर तुटते, आणि डिप्रेशनमध्ये दारू मन आणखी खाली नेते.

भूक नसेल तर ताट भरून वाढू नका. दहीभात, ताक, पन्हं, कोकम सरबत, कलिंगड, मुगाची खिचडी, असं दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वाटतात ती आंब्याची डाळ आणि पन्हं अशा माणसाला घशाखाली उतरतं, हा आमच्या घरचा अनुभव.

दिवसाला काही आकार हवा. डिप्रेशनमधला माणूस म्हणतो, "मन लागलं की करीन." मन लागायची वाट पाहिली तर दिवस संपतो. आधी कृती, मग मन, असा क्रम मानसोपचारात मुद्दाम शिकवला जातो आणि त्याचा उपयोग सिद्ध झालेला आहे. कृती अगदी लहान घ्यायची आणि तिची वेळ ठरवायची. सकाळी साडेसहाला उपवनच्या तलावाभोवती किंवा पाम बीचच्या बाजूच्या सावलीत वीस मिनिटं चालणं, ऊन चढायच्या आत परत. नेरूळ, सीवूड्सच्या पाणथळ जागांवर फ्लेमिंगो मेपर्यंत असतात. त्यांना पाहून आनंद झाला नाही तरी चालेल, चालणं झालं हे पुरे. एका मित्राला बरोबर घ्या, म्हणजे "आज नको" म्हणणं अवघड जातं.

घरच्यांसाठी एवढंच: "तुला काय कमी आहे?" हे वाक्य बोलू नका. माणूस स्वतःला तेच दिवसभर विचारत असतो. त्याऐवजी "रात्री किती वाजेपर्यंत जागा होतास?" असं विचारा. त्याला उत्तर देता येतं. महाबळेश्वरला हवापालट जरूर करा, थंड हवेत चार दिवस झोप चांगली लागते. पण परत आल्यावर पुन्हा खालावला तर त्याला दोष देऊ नका, आणि सहलीला उपचार समजू नका.

या उपायांनी सौम्य त्रास आवरतो. मध्यम किंवा तीव्र असेल तर समुपदेशन आणि औषधं लागतात. डिप्रेशनच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पाचव्या दिवशी फरक नाही म्हणून त्या सोडू नयेत.

औषधं चालू असताना उन्हाळा

हा भाग छोटा आहे, पण जपून वाचा. बायपोलरसाठी लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी घामाने कमी झालं, किंवा मिठाचं प्रमाण एकदम कमी झालं, तर रक्तात लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं ही त्याची चिन्हं. तसं झालं तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. उन्हाने डोकं दुखतं म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत, त्यांनीही लिथियम वाढतं. उन्हाळ्यात रक्तातली पातळी कधी तपासायची ते डॉक्टरला विचारून ठेवा. मनोविकारांवरच्या इतर काही औषधांनी घाम कमी येतो, आणि त्यामुळे उष्माघाताचा धोका वाढतो. अशा माणसाला भर दुपारी रांगेत किंवा मंडपात तासन्‌तास उभं करू नये.

सर्वांत मोठा धोका

सगळ्यांना वाटतं की आत्महत्या काळोख्या हिवाळ्यात जास्त होत असतील. अनेक देशांत १९व्या शतकापासूनची आकडेवारी वेगळंच दाखवते: प्रमाण वाढतं ते वसंतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी. यामागचं एक स्पष्टीकरण असं की या ऋतूत शरीरात तरतरी आधी येते आणि मन मात्र अजून अंधारातच असतं. निराशा आणि अस्वस्थ शक्ती एकाच वेळी असणं धोक्याचं. म्हणून येरझाऱ्या, न झोपणं, "आता सगळं संपवावं" अशी भाषा, वस्तू वाटून टाकणं, बऱ्याच अस्वस्थतेनंतर अचानक शांत होऊन निरोपासारखं बोलणं, हे दिसलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, दुसरा १-८००-८९१-४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा चोवीस तास आणि मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं. आजाराचं नाव माहीत असायची गरज नाही. "झोप लागत नाही आणि नको नको वाटतंय," एवढं सांगितलं तरी पुढचं ते विचारतात. घरच्या माणसाबद्दल काळजी वाटत असेल तर तुम्हीही फोन करू शकता. जीवाला लगेच धोका वाटत असेल तर फोनवर न थांबता जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात घेऊन जा.

ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की अजूनही लोक दचकतात. १९०१ पासूनच्या त्या संस्थेत बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथे तपासून औषध घेऊन माणसं त्याच दिवशी घरी जातात. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यातच सुरू केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) सारख्या संस्थेत समुपदेशनही मिळतं. विम्याबद्दल शंका असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठीही शारीरिक आजारांसारखंच विमा संरक्षण द्यावं लागतं. पॉलिसीत ते आहे का ते विचारून घ्या.

पाऊस आल्यावर

मृगाच्या पहिल्या सरींनी उकाडा मोडतो, झोप लागते, भूक परत येते. इथेच अनेक जण गोळ्या बंद करतात. ऋतू बदलला म्हणून बरं वाटतंय की औषधाने, हे त्या वेळी ओळखता येत नाही. अचानक गोळी सोडल्याने चक्कर, मळमळ, चिडचिड होऊ शकते, शिवाय आजार उलटू शकतो. बायपोलर असेल तर हिवाळ्यातलं वरचं टोक अजून पुढे असतं. म्हणून औषध कमी करायचं की नाही, किती आणि कधी, हे डॉक्टरच्या सल्ल्याने ठरवावं.

आणि पुढची भेट जूनमध्येच ठरवून टाकावी, ती जानेवारीअखेरची. मन उतरायला लागल्यावर फोन करून वेळ घ्यायचं बळ राहत नाही. त्या भेटीला गेल्या उन्हाळ्याची कॅलेंडरची पानं न्यावीत, डिसेंबरात झोप किती होती ते सांगावं, आणि होळीपासूनचं सगळं आधीच ठरवावं: औषधाची मात्रा, रक्ततपासणीची तारीख, ऑफिसात मार्चअखेरची कुठली कामं दुसऱ्याकडे देता येतील, खोलीचा पडदा, सकाळी चालायला बरोबर कोण येणार. भावाची ही भेट भावजय ठरवते आणि आदल्या दिवशी मला मेसेज करते, कारण डिसेंबरातल्या झोपेचा हिशेब आम्हा दोघींना विचारला जातो.